बेटावरच्या एका नराचं वर्णन

तिला सगळे चिमटा म्हणत. नाव सरांनी ठेवलेलं, तीस वर्षांपूर्वी, ती संग्रहालयाच्या कीटक विभागात त्यांच्या हाताखाली कामाला लागली तेव्हा. अंगाने काटकुळी, बोटं लांब आणि एकदा धरलेली गोष्ट सोडायची नाही ही खोड. सरांना नाव शोधायला फार वेळ लागला नसावा. आता ती बावन्न वर्षांची होती, अंगाने चांगली भरली होती, विभागप्रमुखही झाली होती, पण नाव तेच राहिलं. विभागात ती धरून अडीच माणसं उरली होती, त्यातलं अर्धं म्हणजे दुपारपर्यंतच येणारे ग्रंथपाल. प्रमुखपणाचा तोरा मिरवायचा तरी कोणासमोर?

तिचा विषय आखूडपंखी भुंगेरे. हे किडे आपण सगळ्यांनी पाहिलेले असतात आणि ओळखत कोणीच नाही. कुजक्या पानांखाली राहतात, तांदळाच्या दाण्याहून बारीक. पंखांवरची झाकणं लहानपणीचा सदरा मोठेपणी घातल्यासारखी तोकडी, आणि खाली पोट सगळं उघडं. डिवचलं की शेपूट वर करून विंचवाचा आव आणतात. नांगी नसते, नुसताच आव. जगात त्यांच्या साठ हजारांवर प्रजाती आहेत आणि बाहेरून बघून त्यांची ओळख सांगणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे कारभार. खरी ओळख नराच्या पोटात असते. त्याचं जननेंद्रिय अर्ध्या मिलिमीटरचं असतं, पण प्रत्येक प्रजातीत त्याची घडण वेगळी. ते सुईने बाहेर काढायचं, पोटॅशच्या पाण्यात भिजवून स्वच्छ करायचं, ग्लिसरीनमध्ये ठेवून त्याचं चित्र काढायचं आणि मग पुठ्ठ्याच्या एवढ्याशा तुकड्यावर त्या भुंगेऱ्याशेजारीच डिंकाने चिकटवायचं. जन्मभर असलं काम करणाऱ्या बाईबद्दल शेजारीपाजारी काय बोलत असतील ते सांगायला नको. तिच्या नवऱ्याला कोणी विचारलं, तर तो 'सरकारी नोकरीत आहे' एवढंच सांगून विषय बदलायचा.

हे काम तिला सरांनी शिकवलं होतं. सरांच्या हाताला कंप नव्हता आणि जिभेला दयामाया नव्हती. टेबलावर एका वेळी एकच भुंगेरा, एकच वाटी, एकच चिठ्ठी, हा त्यांचा नियम. कोणाच्या टेबलावर दोन वाट्या दिसल्या, तर सर एक अक्षर न बोलता दोन्ही मोरीत ओतून टाकत. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचीच कामं निस्तरली. बंदरात उतरलेल्या लाकडात कुठली अळी आहे, कोठारातल्या धान्याला काय लागलंय, हे विचारायला लोक त्यांच्याकडे येत. स्वतः शोधलेली म्हणावी अशी एकही प्रजाती त्यांच्या खात्यात नव्हती. दरवेळी 'अजून खात्री नाही' म्हणत त्यांनी नोकरी संपवली, आणि खात्री व्हायच्या आत त्यांचे डोळे गेले.

तरुणपणी ते तीनदा एका बेटावर गेले होते. बोटीने दीड दिवस, मग दिवसभराची चढण, आणि माथ्यावर जुनंपुराणं ओलं रान. तिथला पालापाचोळा चाळून त्यांनी भुंगेऱ्यांच्या चौदा काचनळ्या भरून आणल्या आणि कपाटात ठेवल्या, सवडीने बघू म्हणून. ती सवड काही मिळाली नाही. तिकडे रानात आधी रस्ता आला, मग रबराची लागवड आली, आणि एका कोरड्या वर्षी उरलंसुरलं जळून गेलं. आज त्या डोंगरावर फोनचे मनोरे आहेत. चाळायला पानसुद्धा शिल्लक नाही.

त्या नळ्या चिमटाने एकेक करून उघडल्या होत्या. तेरा नळ्यांत सगळे ओळखीचेच निघाले. चौदावीवर सरांच्या अक्षरात, पेन्सिलीने, तारखेखाली लिहिलं होतं: 'हा नीट बघायचा'. आत एकच भुंगेरा होता, नर. पाय फिकट पिवळे, डोक्यावरचे खळगे विरळ. आणि पोटातला अवयव तर तिने कुठल्याच पुस्तकात न पाहिलेला, टोकाला दुहेरी आकडा आणि डाव्या अंगाला दातेरी कड असलेला. वर्षभर तिने जगभरच्या रानांतल्या प्रजातींची चित्रं डोळ्यांत तेल घालून पाहिली. एकही जुळलं नाही. मग तिने निबंध लिहून नियतकालिकाला पाठवला, आणि नव्या प्रजातीला सरांच्या आडनावाला लॅटिन शेपूट जोडून नाव दिलं. नावाचं मात्र तिने सरांपासून गुपित ठेवलं होतं.

सर तेव्हा अंथरुणाला खिळले होते. मूत्रपिंडं थकली होती. फार तर दोन-तीन महिने, असं डॉक्टरांनी त्यांच्या लेकीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. सर भिंतीकडे तोंड करून पडून राहत आणि ताट आलं तसं परत जाई. निबंध स्वीकारल्याचं पत्र आलं त्याच दिवशी चिमटा त्यांच्याकडे गेली.

"सर, तुमच्या बेटावरचा नवीन निघाला."

भिंतीकडचं तोंड वळलं. "किती नमुने?"

"एकच."

"नर?"

"नर."

"चित्र कोणी काढलं?"

"मी काढलं, सर."

सर कोपरावर रेलून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळीच लेकीचा फोन आला. "ताई, काय जादू केलीस गं? आज स्वतःहून जेवायला मागितलं. दाढी करून दे म्हणाले. छापून आलं का, म्हणून तीनदा विचारून झालं. माणूस परत आलाय बघ घरात." फोन ठेवून चिमटा रडली. तिला इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. सर आता त्या साडेतीन मिलिमीटरच्या किड्यावर जगत होते, हे मात्र तिला तेव्हाच कळलं आणि थोडी भीतीही वाटली.

छपाईआधीची तपासणी प्रत आली. परीक्षकाने एवढंच सुचवलं होतं, की अवयवाचा आणखी एक फोटो समोरून घ्यावा. दहा दिवसांची मुदत होती. सोमवारी सकाळी चिमटाने टाचणी काढली, पाण्याच्या थेंबाने डिंक सोडवला आणि आजवर कुशीवर पडलेला तो अवयव सुईने सरळ करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

तो बागेतला होता.

संग्रहालयाच्या मागच्या बागेत पालापाचोळ्याचा ढीग आहे, आणि त्यात एक आखूडपंखी भुंगेरा बारा महिने सापडतो. नव्या माणसाला सर पहिल्या दिवशी तोच कापायला देत. चिमटाने पहिल्या वर्षी त्याचं चित्र दोनशे वेळा तरी काढलं असेल. रोज दारात येणारा दूधवाला परगावी एखाद्या लग्नात कोट घालून समोर आला तर ओळखू येत नाही, तसं झालं होतं. बेटावरच्या रानातला म्हणून कुशीवरून पाहिला आणि परका वाटला. परीक्षकांनी तरी बेटावरच्या किड्याची तुलना बागेतल्या ढिगातल्या किड्याशी कशाला करावी?

तिने रोजनिशी काढली. तो दिवस सापडला. त्या दिवशी एका माहितीपुस्तिकेसाठी तिला बागेतल्या नराचा फोटो हवा होता, म्हणून दोन्ही कामं तिने एकदमच काढली. वाट्या घेतल्याच नव्हत्या. चिनीमातीची गोल ताटली, कडेने दहा खळगे. एका खळग्यात बेटावरच्याचा अवयव, शेजारच्या खळग्यात बागेतल्याचा. तेवढ्यात फोन वाजला. सरांची लेक बोलत होती, "ताई, बाबांना दवाखान्यात नेतेय, ये." ताटलीवर झाकण ठेवून, ती कपाटात सरकवून चिमटा धावत सुटली. दोन दिवसांनी तिने ताटली बाहेर काढली. गोल ताटली, ना आकडा ना खूण. कुठलं डावं आणि कुठलं उजवं, हे तिने आठवणीवर ठरवलं.

म्हणजे बेटावरच्या भुंगेऱ्याचा खरा अवयव बागेतल्याच्या पुठ्ठ्यावर चिकटलेला होता! क्षणभर तिचा जीव भांड्यात पडला. तोही नवीन असेल. का नसेल? चित्र बदलू, वर्णन बदलू, दोन ओळींची माफी मागू. ती जवळजवळ पळतच पेट्यांच्या खोलीत गेली आणि तो पुठ्ठा घेऊन आली.

अवयव साधासुधा होता, टोकाला चमच्यासारखा पसरट. पुस्तकात त्याचं चित्र होतं. ही प्रजाती सत्तर वर्षांपूर्वीच कोणीतरी नोंदवली होती, आणि ती सगळ्या मुलूखभर पैशाला पासरी मिळते. विभागाच्याच एका पेटीत तिचे एकेचाळीस नमुने टाचून ठेवले होते. पाय फिकट का, याचंही उत्तर आता सरळ होतं. भुंगेरा नुकताच कोशातून बाहेर पडला होता आणि अंगावर रंग चढायच्या आतच सरांच्या चाळणीत सापडला होता. विरळ खळग्यांचे तर त्या एकेचाळिसांतही तीन निघाले. दुपारचा भोंगा व्हायच्या आत नवी प्रजाती संपली. चिमटा टेबलाशी बसून राहिली. तिला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत कवायत शिकवायचा. त्याच्या मते जगातले सगळे प्रश्न 'विश्राम' म्हटलं की सुटत.

"मग घोडं अडलंय कुठे?" तो म्हणाला. "रान जळून गेलं. दुसरा नमुना कोणी आणणार नाही. तुला खोटं ठरवणार कोण?"

"मीच."

"मग तू गप्प बस ना."

तिला त्याचा राग करता येईना, कारण हाच विचार दुपारी आधी तिच्याच डोक्यात येऊन गेला होता. अखेर तिने मधलाच मार्ग काढला. निबंध मागे घ्यायचा, पण सर आहेत तोवर नाही. संपादकांना तिने महिनाभराची मुदतवाढ मागितली. कारण लिहिलं, आजारपण. कोणाचं ते लिहिलं नाही.

शुक्रवारी लेकीचा फोन आला. "ताई, छापायला गेलंय ना, मग वाचून दाखव म्हणताहेत. आज बरे आहेत. उद्याचं मी सांगू शकत नाही."

दुपारी ती गेली. सर उशीला टेकून बसले होते. गुळगुळीत दाढी, धुतलेला सदरा, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. पलंगाजवळच्या स्टुलावरच्या औषधाच्या बाटल्या बाजूला सारून लेकीने कागदांसाठी जागा केली होती. ती ओले हात पुसत दारातच उभी राहिली.

चिमटाने शीर्षक वाचलं, आणि मग नाव.

"हे कोणी ठरवलं?" सर म्हणाले.

"मी."

"विचारायचं तरी." पण त्यांचे कान लाल झाले होते. तीस वर्षांत चिमटाने सरांना लाजताना पाहिलं नव्हतं. दारात लेकीने तोंडावर हात धरला.

चिमटा वाचत गेली. लांबी, डोकं, खळगे, पंखांची झाकणं. पायांच्या रंगापाशी सरांनी थांबवलं.

"पिवळे? पूर्ण पिकलेला होता ना?"

"हो," ती म्हणाली. सरांशी बोललेलं ते तिचं पहिलं खोटं.

तिने पान उलटलं आणि थेट नमुना कुठे मिळाला तो भाग सुरू केला.

"नर राहिला," सर म्हणाले.

तिला वाटलं होतंच. या किड्यांत वर्णन म्हणजे नराचंच, बाकी सगळी भरताड. कागदावरचं वाचलं तर बागेतला ओळखू येणार. मनाने खऱ्याचं वर्णन केलं, तर तोही ओळखू येणार. सरांना चकवेल असं तिच्याकडे काहीच नव्हतं. तिने कागदावरचं वाचलं, जमेल तेवढं घाईघाईने.

सरांची तर्जनी चादरीवर फिरू लागली. ते चित्र काढत होते. दातेरी कडेपाशी बोट सावकाश झालं.

"टोक परत वाच."

तिने वाचलं. दुहेरी आकडा, आतला लांब, बाहेरचा आखूड. बोटाने आतला आकडा काढला, बाहेरचा काढला, आणि ते तिथेच थांबलं.

"झालं का हो बाबा मनासारखं?" दारातून लेकीने विचारलं.

"झालं," सर म्हणाले. "चहा टाक. दोघांनाही."

ती आत गेल्यावर स्वयंपाकघरातला नळ सुरू होईपर्यंत सर थांबले.

"शेजारी काय ठेवलं होतंस?"

"बागेतला."

"कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार."

तो फोन कोणाचा होता आणि ती ताटली टाकून कशासाठी धावली, हे वाक्य तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. सरांच्या आजारपणावर खापर फोडून सुटायचं, एवढी ती अजून खाली घसरली नव्हती.

"आणि माझा?" सरांनी विचारलं.

"नेहमीचाच आहे, सर. कोवळा होता, म्हणून वेगळा दिसला."

"हं," सर म्हणाले. "तिसऱ्या खेपेला मी आठ दिवस आधी उतरलो. पाय जळवांनी सुजले होते. कंटाळलो. म्हटलं, पुढच्या वर्षी येऊच."

"तिथे दुसरं काही असेलच की, सर."

"असेल. असेल तर जळलं." त्यांनी हात पुढे केला. "कागद घे. आज पाठवायचं."

त्यांनी पत्र सांगितलं आणि तिने ते लिहून घेतलं. आवाज खोल गेला होता, पण वाक्यं एकही न अडखळता येत होती. 'अनवधानाने अदलाबदल झाली' असं ती मोठ्याने म्हणत लिहीत होती, तर त्यांनी अडवलं.

"अनवधान नको. निष्काळजीपणा लिही. आणि कोणाचा ते लिही."

तिने लिहिलं. तिला वाटलं होतं, शेवटी ते एखादा शब्द तिच्यासाठी बोलतील, निदान जाऊ दे म्हणतील. पत्र संपलं आणि सर उशीवरून खाली सरकून पडले. चहा आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. लेकीने आग्रह केला म्हणून चिमटाने त्यांच्या शेजारी बसून कप संपवला. लेक निबंधाच्या पहिल्या पानावरचं आपलं आडनाव पुन्हा पुन्हा वाचत होती आणि हसत होती.

पत्र त्याच संध्याकाळी गेलं. शनिवारी चिमटाने दोन्ही अवयव आपापल्या पुठ्ठ्यांवर चिकटवले आणि बेटावरचा भुंगेरा नेहमीच्यांच्या पेटीत, बेचाळिसावा म्हणून टाचला.

त्या शुक्रवारनंतर अकराव्या दिवशी सर गेले. ती त्यांच्या घरी गेली तेव्हा भेटायला आलेली माणसं पांगली होती. गादी गुंडाळून ठेवली होती आणि लेक खिडकीपाशी औषधांच्या बाटल्या पिशवीत भरत होती. चिमटाला बघून तिचे डोळे भरून आले.

"ताई, छापून आलं की मला एक प्रत दे हं. चौकट करून लावते."

हो म्हणणं किती सोपं होतं. पण सरांनी सांगितलेलं ते पत्र लिहिल्यावर चिमटाला हो म्हणता येईना.

"ते छापून येणार नाही. माझ्या हातून नमुन्यांची अदलाबदल झाली होती. तो किडा नवीन नव्हता."

लेकीचा हात पिशवीतच राहिला. "बाबांना माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मी वाचून दाखवलं त्या दुपारपासून. त्यांनी ऐकूनच ओळखलं."

लेक खाली बसली. ती मनातल्या मनात दिवस मोजत होती, हे चिमटाला दिसत होतं. "त्या रात्रीपासून त्यांनी ताटाला हात लावला नाही," ती म्हणाली. "मी डॉक्टरांना दोनदा बोलावलं. ते म्हणाले, आजारच आहे, असं व्हायचंच. मी रोज कानाशी जाऊन सांगत होते, बाबा, छापून येईपर्यंत तरी थांबा. ते काही बोलायचे नाहीत. नुसता माझा हात दाबायचे."

लेकीने पिशवी बाजूला सारली.

"तुला त्याआधीच कळलं होतं का?"

"हो."

"मग वाचलंस कशाला गं?" लेक म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "ताप आहे म्हणून सांगायचंस. यायचंच नाहीस. मी ढकलले असते की अकरा दिवस."